खाते, गट आणि सामायिक संचय : विद्यापीठीय संगणकव्यवस्थेतील धारणाधिकाराचा विचार

साहित्याचे तौलनिक अध्ययन हे आता क्वचितच एकट्या अभ्यासकाचे काम राहिले आहे. एखाद्या संतकवीच्या पदांच्या निरनिराळ्या भाषांतील संहिता एकत्र करणे, एकाच कादंबरीचे चार भाषांतील अनुवाद शेजारी ठेवून वाचणे, लोकगीतांचे ध्वनिमुद्रण करून त्यांचे लिप्यंतर व भाषांतर सिद्ध करणे, अशा कोणत्याही प्रकल्पात अनेक हात गुंतलेले असतात. त्या सर्वांचे काम विद्यापीठाच्या संगणकव्यवस्थेत कोठे तरी साठत जाते. ते कोणाच्या नावावर साठते, कोणाला दिसते, कोणाला बदलता येते आणि साठवणारी व्यक्ती विद्यापीठ सोडून गेल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न सामान्यतः संगणक केंद्राच्या अखत्यारीतले मानले जातात. वस्तुतः लेखक कोण, संपादक कोण, संहितेवर ताबा कोणाचा आणि तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणाला, या ज्या प्रश्नांभोवती साहित्याभ्यास फिरतो, तेच प्रश्न तेथे तांत्रिक परिभाषेत सोडवलेले असतात. ते कसे सोडवले गेले, यावर सामूहिक संशोधनाचे आयुष्य अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात या व्यवस्थेच्या तीन घटकांचा, म्हणजे वापरकर्त्याचे खाते, वापरकर्त्यांचा गट आणि सामायिक संचय यांचा, त्यांच्या घडणीच्या क्रमाने विचार केला आहे. प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा असा की, खाते व्यक्तीचे असते, गट कार्याचा असतो आणि संचय संस्थेचा असावा लागतो. या तिन्हींची गल्लत झाली, की अनेकांनी मिळून केलेले काम एका व्यक्तीच्या जाण्याबरोबर नाहीसे होऊ शकते.

१. खाते : हिशेबातून ओळखीकडे

'खाते' हा शब्द मराठी भाषकाला व्यापाऱ्याच्या खतावणीतून परिचित आहे. ज्याच्या नावाने देणेघेणे मांडायचे, त्याचे खाते. संगणकातील खात्याचा मूळ अर्थही हिशेबाचाच आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, येथे फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली सीटीएसएस ही कालविभागणीवर चालणारी संगणकप्रणाली प्रथम चालवून दाखविली. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही तिच्यामागील कल्पना. यंत्र महाग, त्याचा वेळ मर्यादित आणि साठवणीची जागा त्याहूनही मर्यादित; त्यामुळे प्रत्येकाने किती वेळ आणि किती जागा वापरली, याची नोंद ठेवणे अपरिहार्य होते. शिवाय प्रत्येकाच्या फाइली इतरांपासून वेगळ्या राखायच्या, तर समोर बसलेली व्यक्ती कोण हे यंत्राला कळले पाहिजे. त्यासाठी या प्रणालीत परवलीच्या शब्दाची, म्हणजे पासवर्डची, योजना करण्यात आली.

या योजनेची मर्यादाही लवकरच उघड झाली. १९६२ साली एमआयटीतील पीएच.डी.च्या एका विद्यार्थ्याला त्याच्या वाट्याचा यंत्रकाळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डची यादी असलेली फाइल छापून घेतली आणि इतरांच्या खात्यांवर आपले काम चालविले. पुढे त्याच दशकात एका गोंधळामुळे दैनंदिन सूचनेचा मजकूर आणि पासवर्डांची फाइल यांची अदलाबदल झाली व प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला सर्वांचे पासवर्ड पडद्यावर दिसले. कॉर्बाटो यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या आपल्या व्याख्यानात हा प्रसंग नमूद केला आहे. पासवर्ड मूळ रूपात न साठविता त्याचे उलगडता न येणारे रूपांतर साठवावे, ही पद्धत नंतर रूढ झाली. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांच्या १९७९ सालच्या निबंधात या पद्धतीचे विवेचन आहे. त्यांनी जमविलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के सहज शोधता येण्याजोगे निघाले, असेही त्यांनी नोंदविले आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. समोरची व्यक्ती ती म्हणते तीच आहे, हे ताडून पाहणे ही ओळखपडताळणी होय. त्या व्यक्तीला काय करता येईल, हे ठरविणे म्हणजे अधिकारप्रदान. खाते पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खात्यात शोधले जाते, तेथून पुढील बहुतेक अडचणींना आरंभ होतो.

२. स्वामी, गट आणि इतर

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीने अधिकारांची एक अत्यंत संक्षिप्त मांडणी रूढ केली. तीच आज लिनक्ससारख्या प्रणालींतून जगभरच्या विद्यापीठांत नांदते आहे. प्रत्येक फाइलला एक स्वामी आणि एक गट असतो. उरलेले सर्वजण 'इतर'. या तीन वर्गांपैकी प्रत्येकाला वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालविण्याचा अधिकार आहे किंवा नाही, एवढेच नोंदवायचे. म्हणजे नऊ होय-नाहींत फाइलीचे सारे सामाजिक जीवन सामावले. या मांडणीचे चार विशेष साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत.

पहिला विशेष असा की, यंत्राला स्वामीचे नाव ठाऊक नसते. त्याला केवळ क्रमांक ठाऊक असतो. फाइलीवर वापरकर्त्याचा क्रमांक कोरलेला असतो आणि नावाशी त्याची सांगड वेगळ्या यादीत घातलेली असते. यादीतून नाव वगळले, तरी फाइलीवरील क्रमांक तसाच राहतो. तो क्रमांक पुढे एखाद्या नव्या विद्यार्थ्याला दिला गेला, तर जुन्या प्राध्यापकाच्या उरलेल्या सर्व फाइलींचा तो विद्यार्थी आपोआप स्वामी होतो. म्हणूनच सुव्यवस्थित संगणक केंद्रे एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कोणाला पुन्हा देत नाहीत.

दुसरा विशेष खोडण्याच्या अधिकाराविषयीचा आहे. युनिक्समध्ये फाइल नष्ट करता येईल की नाही, हे त्या फाइलीच्या परवानग्यांवर अवलंबून नसते; ती ज्या फोल्डरमध्ये आहे, त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार आहे की नाही यावर अवलंबून असते. फोल्डर ही जणू सूची आहे आणि सूचीतील नोंद काढण्याचा अधिकार सूचीकाराचा. त्यामुळे एखाद्या अनुवादकाने आपली फाइल इतरांना केवळ वाचण्यापुरती खुली ठेवली, तरी सामायिक फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार असलेला कोणताही सहकारी ती खोडू शकतो. हे टाळण्यासाठी फोल्डरला एक विशेष खूण करावी लागते. ती केली, की फाइलीचा स्वामी, फोल्डरचा स्वामी किंवा मुख्य प्रशासक यांच्यापलीकडे कोणालाही फाइल खोडता येत नाही.

तिसरा विशेष सहकार्याच्या मुळाशी जाणारा आहे. नवी फाइल निर्माण होताना तिच्या परवानग्या यूमास्क नावाच्या एका पूर्वनियोजित मूल्यावरून ठरतात, आणि अनेक ठिकाणी हे मूल्य असे असते की नव्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार एकट्या स्वामीला मिळतो. फाइलीचा गटही फोल्डरच्या गटाऐवजी निर्मात्याचा स्वतःचा गट असू शकतो. परिणामी सामायिक फोल्डर उघडून दिलेला असूनही एकाने केलेल्या टिपणात दुसऱ्याला दुरुस्ती करता येत नाही, आणि 'प्रत २', 'प्रत २ सुधारित', 'अंतिम', 'अंतिम नवी' अशा नावांच्या फाइलींची रांग वाढत जाते. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांच्याच प्रकल्पात असे कृत्रिम पाठभेद निर्माण व्हावेत, ही विसंगती म्हटली पाहिजे. उपाय साधा आहे. फोल्डरमध्ये निर्माण होणारी प्रत्येक फाइल त्या फोल्डरच्याच गटाची व्हावी, अशी खूण फोल्डरवर करता येते आणि गटाला लिहिण्याची मुभा देणारे यूमास्क मूल्य निवडता येते. मात्र हा निर्णय प्रकल्पाच्या आरंभी कोणी तरी जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

चौथा विशेष गटांच्या संख्येचा. आरंभीच्या युनिक्समध्ये वापरकर्ता एका वेळी एकाच गटाच्या नात्याने काम करू शकत असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तयार झालेल्या ४.२ बीएसडी या १९८३ सालच्या आवृत्तीने एकाच वेळी अनेक गटांचे सदस्यत्व शक्य केले. तथापि फाइली जाळ्यावरून वाटून घेण्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेल्या एनएफएस पद्धतीत, ओळख सांगण्याच्या तिच्या मूळ रीतीनुसार, १६ पेक्षा अधिक गट कळविता येत नाहीत. सतरा गटांचा सदस्य असलेल्या व्यक्तीला कागदोपत्री अधिकार असूनही एखाद्या फोल्डरचे दार बंद आढळते, आणि कारण कोणालाच चटकन उमगत नाही. अनेक भाषाविभागांशी एकाच वेळी नाते असलेल्या तौलनिक अभ्यासकाला हा अनुभव येणे अशक्य नाही.

३. दोन विद्यापीठे, दोन प्रतिमाने

विद्यापीठ हा कार्यालयाहून वेगळा समाज आहे. तेथे दरवर्षी हजारो माणसे येतात, हजारो जातात. एकच व्यक्ती एका विभागात विद्यार्थी, दुसऱ्यात साहाय्यक अध्यापक आणि तिसऱ्यात प्रकल्पसदस्य असते. या समाजाला साजेशी व्यवस्था घडविण्याचे दोन मोठे प्रयत्न १९८०च्या दशकात अमेरिकेत झाले आणि आजच्या रचनेचा पाया त्यांतच आहे.

एमआयटीने १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम यांच्या साहाय्याने 'प्रोजेक्ट अथीना' हा उपक्रम सुरू केला. तो १९९१ पर्यंत चालला. परिसरातील कोणत्याही संगणकासमोर बसावे आणि आपली ओळख, आपल्या फाइली, आपले अधिकार तेथे उपलब्ध व्हावेत, हे त्याचे सूत्र होते. त्याच्या घटकांची नावे साहित्याभ्यासकाला परिचित वाटतील. ओळखपडताळणीच्या घटकाला पाताळद्वारीच्या त्रिमुखी श्वानावरून 'केर्बेरोस' म्हटले गेले. कोणती वस्तू कोठे आहे हे सांगणारा घटक 'थिऑगनी'कर्त्या ग्रीक कवीच्या नावाने 'हेसिऑड' झाला. आणि खाती, गट व संचयाच्या मर्यादा यांचे मध्यवर्ती नियमन करणाऱ्या घटकाला नियतीदेवतेचे 'मोइरा' हे नाव मिळाले. केर्बेरोसमध्ये पासवर्ड जाळ्यावरून पाठविला जात नाही. वापरकर्त्याला काही तासांपुरते तिकीट मिळते आणि पुढील प्रत्येक सेवेपुढे तो पासवर्डऐवजी या तिकिटाच्या आधारे उभा राहतो.

मोइरातील एक बारकावा विशेष महत्त्वाचा आहे. तेथे प्रत्येक यादीला, म्हणजे गटाला, एक नियंत्रक असतो. पण तो नियंत्रक व्यक्तीच असला पाहिजे असे नाही. एका यादीची नियंत्रक दुसरी यादी असू शकते. इतकेच नव्हे, तर एखादी यादी स्वतःचीच नियंत्रक असू शकते. अशा यादीतील सदस्य नव्या सदस्याला आत घेतात, जुन्याला मोकळे करतात आणि कोणा एकाच्या जाण्याने यादी अनाथ होत नाही.

दुसरा प्रयत्न पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा. आयबीएमच्या सहकार्याने १९८२ साली हाती घेतलेल्या या प्रकल्पाला अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोन दात्यांच्या नावांतील समान शब्दावरून 'अँड्र्यू' हे नाव मिळाले. त्यातून निर्माण झालेली अँड्र्यू फाइलव्यवस्था, म्हणजे एएफएस, किमान ५,००० संगणकांपर्यंत विस्तारता यावी या हेतूने आखलेली होती. तिने युनिक्सचा तीन वर्गांचा साचा मोडून फोल्डरला अधिकारयादी जोडली. या यादीत कितीतरी व्यक्तींची व गटांची नावे घालता येतात आणि प्रत्येकाला सात अधिकारांपैकी हवे तेवढे देता येतात : यादी पाहणे, वाचणे, नवे घालणे, असलेले बदलणे, खोडणे, कुलूप लावणे आणि इतरांना अधिकार देणे.

या विश्लेषणाचे मोल त्याच्या सूक्ष्मतेत आहे. 'नवे घालणे' आणि 'असलेले बदलणे' हे भिन्न अधिकार ठरल्यामुळे विद्यार्थी आपला निबंध फोल्डरमध्ये टाकू शकतो. परंतु इतरांचे निबंध वाचू शकत नाही आणि टाकलेल्या निबंधात फेरफारही करू शकत नाही. संपादनाच्या व्यवहारात संग्राहक, लिप्यंतरकार, अनुवादक, संपादक यांच्या भूमिका जशा वेगळ्या असतात, तसेच हे अधिकार वेगळे काढता येतात. संग्राहकाने मूळ ध्वनिमुद्रण ठेवावे, लिप्यंतरकाराने ते ऐकावे पण बदलू नये, अनुवादकाने आपला पाठ वेगळ्या फोल्डरमध्ये लिहावा, संपादकाने दोन्ही पाहावेत, ही शिस्त तोंडी सूचनांवर न सोडता रचनेतच बांधता येते.

एएफएसमध्ये सामान्य वापरकर्त्यालाही, प्रशासकाकडे न जाता, आपला गट निर्माण करता येतो. गटाच्या नावाआधी त्याच्या स्वामीचे नाव लागते. स्वामित्व दुसऱ्याकडे सोपविले, की नावातील पूर्वपदही बदलते. स्वामित्व एखाद्या गटाकडे किंवा त्याच गटाकडेही सोपविता येते. गट कोणाचा, हे त्याच्या नावातच वाचता यावे, ही या रचनेतील विशेष गोष्ट आहे.

पुढे १९९३ साली मिशिगन विद्यापीठात आकाराला आलेल्या एलडीएपी या संकेताने खाती आणि गट यांची मध्यवर्ती निर्देशिका सुटसुटीत रीतीने वाचण्याची सोय केली. आज बहुसंख्य विद्यापीठांत एकच खाते ईमेल, ग्रंथालय, वायफाय आणि संचय या सर्वांसाठी चालते, ते केर्बेरोस व एलडीएपी यांसारख्या पायांवरच.

४. नाव, लिपी आणि क्रमांक

भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढे या व्यवस्थेत आणखी एक प्रश्न उभा राहतो. तो नावाचा आहे. खात्याचे नाव पूर्वापार लहान रोमन अक्षरांत आणि जुन्या युनिक्समध्ये आठ अक्षरांच्या आत लिहावे लागे. मराठी आडनावाचे रोमन रूप एकच नसते. 'व'साठी व्ही घ्यावा की डब्ल्यू, 'क्ष'साठी केएसएच घ्यावे की एक्स, हे व्यक्तीगणिक बदलते. एकाच आडनावाच्या अनेक व्यक्ती असतात. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे आडनाव आणि मधले नाव, कित्येकदा पहिले नावही बदलण्याची प्रथा आहे. ज्या व्यवस्थेत नावालाच ओळख मानले जाते, त्या व्यवस्थेत अशा अभ्यासिकेचे पूर्वीचे काम आणि नंतरचे काम ही दोन भिन्न व्यक्तींची कामे ठरू शकतात. नाव बदलता यावे आणि आतला क्रमांक अढळ राहावा, हे तत्त्व या दृष्टीने केवळ तांत्रिक सोयीचे नाही. संशोधकांसाठी २०१२ साली सुरू झालेला ऑर्किड हा सोळा स्थानांचा ओळखक्रमांक याच तत्त्वाचा संस्थेबाहेरील आविष्कार होय.

सामायिक संचयात देवनागरी नावांच्या फाइली ठेवतानाही सावधगिरी लागते. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. स्वतंत्र 'ऱ' या अक्षरापुढे हलन्तचिन्ह देऊन तो लिहिता येतो, तसेच साध्या 'र'पुढे हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह देऊनही. वाचणाऱ्याला दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती भिन्न असतात. त्यात भर अशी की, स्वतंत्र 'ऱ' हे अक्षर युनिकोडने 'र' आणि नुक्ता यांच्या जोडीशी समतुल्य मानले आहे आणि ॲपलच्या जुन्या फाइलव्यवस्थेत नावे अशी सुटी करूनच साठविली जात. परिणामी एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या आवृत्तीचे पाठ' या नावाच्या दोन किंवा तीन फाइली शेजारी शेजारी दिसू शकतात आणि शोध घेतला असता त्यांपैकी एकच सापडते. लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थांत फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, मात्रेलासुद्धा, ३ बाइट लागत असल्याने ही मर्यादा ८५ चिन्हांवर येते. ग्रंथाचे पूर्ण शीर्षक, कर्त्याचे नाव आणि हस्तलिखिताचा तपशील एकाच फाइलनावात भरण्याची सवय येथे अडचणीची ठरते. नावात लघु संकेत आणि तपशील वेगळ्या सूचीत, ही ग्रंथालयांची जुनी रीतच येथे उपयुक्त आहे.

५. उंबरठ्यावरचे अभ्यासक

खाते कोणाला द्यायचे, हा प्रश्न विद्यापीठाच्या सीमेचा प्रश्न आहे. एका संस्थेतील व्यक्तीने दुसऱ्या संस्थेतील संसाधन वापरावे, आणि त्यासाठी तेथे वेगळे खाते उघडावे लागू नये, या हेतूने अमेरिकेतील इंटरनेट२ या विद्यापीठसंघाने २००० साली एक प्रकल्प हाती घेतला व २००३ साली त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे नाव 'शिब्बोलेथ'. बायबलच्या जुन्या करारातील 'शास्ते' या ग्रंथात हा शब्द येतो. यार्देन नदीच्या उतारावर पळून जाणाऱ्या एफ्राइमी माणसाला तो उच्चारायला लावीत. त्याच्या तोंडून 'श'ऐवजी 'स' निघाला, की त्याची ओळख पटे आणि त्याचा वध होई. भाषेच्या आधारे आपला-परका ठरविण्याच्या या कथेचे नाव विद्यापीठांनी परस्परविश्वासाच्या व्यवस्थेला द्यावे, यातील उपरोध तौलनिक अभ्यासकाच्या नजरेतून सुटणार नाही.

या पद्धतीत मूळ संस्था आपल्या सदस्याची ओळख पडताळते आणि दुसऱ्या संस्थेला केवळ आवश्यक तेवढाच गुण कळविते, जसे की ही व्यक्ती अध्यापक आहे, विद्यार्थी आहे, कर्मचारी आहे, माजी विद्यार्थी आहे किंवा संलग्न आहे. भारतात गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचा 'इन्फेड' हा संघ याच तत्त्वावर उभा आहे आणि त्याद्वारे विद्यापीठाबाहेर असतानाही अभ्यासकांना नियतकालिकांपर्यंत पोहोचता येते.

तथापि या सर्व व्यवस्थेचा आधार 'मूळ संस्था' हा आहे. जिची कोणतीही मूळ संस्था नाही अशी व्यक्ती, म्हणजे स्वतंत्र अनुवादक, निवृत्त अध्यापक, लोककलावंत, गावोगाव हस्तलिखिते सांभाळणारा संग्राहक, उंबरठ्याबाहेर राहते. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात अशा व्यक्तींचा वाटा मोठा आहे. त्यांच्यासाठी संलग्न सदस्याचे मुदतबंद खाते ही तरतूद बहुतेक व्यवस्थांत असते. तिचा उपयोग झाला नाही, तर प्रकल्पप्रमुख आपलाच पासवर्ड अशा सहकाऱ्याला देऊन मोकळा होतो. मग कोणते लिप्यंतर कोणी केले, कोणता पाठ कोणी बदलला, याची नोंदच उरत नाही आणि ज्याचे श्रम आहेत त्याचे नाव व्यवस्थेच्या इतिहासातून पुसले जाते.

६. निर्गमन आणि नाश

खात्याचा अंत हा या विषयातील सर्वांत गंभीर भाग आहे. नियुक्ती संपली, पदवी मिळाली, निवृत्ती झाली, की काही मुदतीने खाते बंद होते. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. प्रश्न त्या खात्याखाली साठलेल्या सामूहिक कामाचा आहे.

महाराष्ट्राबाहेरील एखाद्या विद्यापीठातील मराठी अध्यासनाचे उदाहरण कल्पावे. अध्यापकवर्ग लहान, अभ्यागत अभ्यासक सत्रापुरते किंवा वर्षापुरते येणारे, सहकारी कन्नड, तेलुगू, हिंदी किंवा गुजराती विभागांतले. सीमाभागातील ओव्यांचे शेकडो तासांचे ध्वनिमुद्रण एका अभ्यागताच्या वैयक्तिक खात्यात साठलेले आहे; इतरांना तेथून वाचण्याची परवानगी आहे. सत्र संपते, अभ्यागत परततो, काही महिन्यांनी खाते बंद होते. परवानगी ज्यांना होती, त्यांची खाती चालूच असतात; पण ज्या संचयावर ती परवानगी होती, तो संचयच नसतो.

जाळ्यावरील भाडोत्री साठवणीने हा धोका अधिक अदृश्य केला. गूगलच्या सेवेत वैयक्तिक कप्प्यातील फाइल तिच्या निर्मात्याच्या मालकीची असते आणि ती हस्तांतरित न करता खाते काढून टाकल्यास त्यातील फाइलीही जातात. संस्थेच्या मालकीचा सामायिक कप्पा २०१७ साली उपलब्ध झाला. त्यातील फाइली सदस्य गेल्यावरही राहतात. शिक्षणसंस्थांना मिळणारा अमर्याद संचय बंद करण्याचे गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून विद्यमान संस्थांसाठी १०० टेराबाइट एवढा एकत्रित पायाभूत संचय लागू झाला. तेव्हा जगभरच्या विद्यापीठांना जुन्या व निष्क्रिय खात्यांतील साहित्य कमी करण्याकडे वळावे लागले. अशा आवरासावरीत कोणाच्या तरी खात्यात नकळत राहिलेले सामूहिक काम सर्वप्रथम धोक्यात येते. कारण ते सामूहिक आहे, हे व्यवस्थेला कोठेही सांगितलेले नसते.

मालकी योग्य ठिकाणी असली, तरी धोका संपत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या सामायिक संचयातून सुमारे ७७ टेराबाइट सामग्री नष्ट झाली. जुन्या नोंदफाइली काढून टाकणारी एक आज्ञावली चालू असतानाच तिच्या जागी नवी आणली गेली. परिणामी आज्ञावलीतील निर्देश चुकला आणि नोंदफाइलींऐवजी संशोधकांच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली पुसल्या गेल्या. १४ संशोधनगटांना झळ बसली. त्यांपैकी चार गटांची सामग्री परत मिळविता आली नाही. यंत्रणा पुरविणाऱ्या कंपनीने जबाबदारी स्वीकारली. सामायिक संचय म्हणजे सुरक्षित प्रत असे समीकरण मांडता येत नाही, हे या घटनेतून दिसते. संचय एक आणि त्याची स्वतंत्र ठिकाणी, स्वतंत्र अधिकाराखाली ठेवलेली प्रत दुसरी.

७. दप्तर घरात आणि दप्तर चावडीत

व्यक्तीकडे असलेली सामूहिक नोंद संस्थेकडे आणण्याचा प्रश्न मराठी समाजाला नवा नाही. वतनी व्यवस्थेत गावाचा हिशेब लिहिणे हे कुलकर्ण्याचे वंशपरंपरागत काम होते. लेखन आणि दप्तराचा ताबा ही दोन्ही एकाच घराण्यात एकवटलेली असत. मुंबई राज्यात १९५० साली झालेल्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि तत्पूर्वीच अनेक ठिकाणी सुरू झालेले स्थित्यंतर पूर्णत्वास गेले. गावनोंदी वेतनी तलाठ्याच्या हाती आल्या. तलाठी बदलतो, दप्तर पुढच्या तलाठ्याच्या स्वाधीन होते. लिहिणाऱ्याचा हात आणि दप्तराचा धनी यांची फारकत, हे या बदलाचे सार आहे. दोन व्यवस्थांचे सामाजिक संदर्भ अर्थातच भिन्न आहेत आणि साम्य या एका मुद्द्यापुरतेच मानावे लागेल.

विद्यापीठीय प्रकल्पासाठी या विवेचनातून निघणारे निष्कर्ष मोजके आहेत. प्रकल्प सुरू होतानाच त्याचा गट संगणक केंद्राच्या निर्देशिकेत नोंदवावा आणि गटाचे नियंत्रण किमान दोन पदांकडे, म्हणजे विभागप्रमुख आणि प्रकल्पसमन्वयक यांच्याकडे, पदाच्या नात्याने असावे. सामग्रीचे घर व्यक्तीच्या खात्यात नसून गटाच्या सामायिक फोल्डरमध्ये असावे. मूळ सामग्री, लिप्यंतर, अनुवाद आणि संपादित पाठ यांचे फोल्डर वेगळे ठेवून मूळ सामग्री सर्वांसाठी केवळ वाचनीय ठेवावी. बाहेरील सहकाऱ्याला मुदतबंद का होईना, त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते मिळवून द्यावे. सदस्य निघताना त्याच्या खात्यातील प्रकल्पसामग्री गटाकडे आणण्याची नोंद कार्यमुक्तीच्या कागदपत्रांत, ग्रंथालयाच्या 'येणे नाही' दाखल्याशेजारी, असावी. एक प्रत अन्यत्र असावी आणि ती खरोखर उघडते का, हे वर्षातून एकदा तरी पाहावे.

यांतील एकाही गोष्टीसाठी तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने संगणकतज्ज्ञ होण्याची गरज नाही. कोणत्या भूमिकेला कोणता अधिकार असावा, हे मात्र त्यालाच ठरवावे लागेल. कारण संगणक केंद्राला नऊ किंवा सात अधिकार ठाऊक असतात, परंतु संग्राहक आणि संपादक यांच्यातील भेद ठाऊक नसतो. ओवी गाणाऱ्या स्त्रीचा आवाज, तो टिपणाऱ्याचे नाव आणि तो वाचकापर्यंत आणणाऱ्याचे श्रम ही तिन्ही वेगवेगळी जपली जावीत, असे ज्या विद्याशाखेला वाटते, तिने आपल्या फोल्डरची अधिकारयादीही आपल्या संपादनतत्त्वांइतक्याच काळजीने लिहिणे अगत्याचे आहे.